चारशे साठ

सतराला बिल बनतं.
सोळाच्या रात्री मी वही काढते,
उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पानं शिवलेली,
आणि मोबाइल उभा करते
तेलाच्या बाटलीला टेकवून.

पेट्रोल, पारोळा रोड. बरोबर.
प्रज्योतचे बूट, हप्ता दुसरा.
गॅसची नळी, एकशे नव्वद.
हजेरी घेतल्यासारखी टिक करत जाते.

मग ही ओळ:
एस. के. एंटरप्रायझेस, धुळे. चारशे साठ.
कोण हा एस. के.?
बँकेला फोन लावला,
'आपला कॉल महत्त्वाचा आहे'
सात मिनिटं ऐकलं.

जिजी अंथरुणातूनच म्हणाली,
"अवं, ह्या तं भरीतना पैसा शेतस."

खरंच की.
तिचा रिपोर्ट हातात आला त्या दुपारी,
काही निघालं नव्हतं,
आणि हायवेवरच्या 'हॉटेल मायेची सावली'त
कळण्याची भाकरी तिने दोनदा मागितली होती.
पाटीवर माया, मशीनमध्ये एस. के.

फोन ठेवला. टिक केली.
किराणा नाही, औषध नाही,
कुठल्या रकान्यात घालू?

बेरीज ठरवल्यापेक्षा अकराशेने वर.
किमान रक्कम नाही, पूर्णच भरायची,
पाच तारखेच्या आत.
बाटली उचलली तर
वहीवर तेलाचा गोल,
नेमका एकूणच्या आकड्याभोवती.