धूर मोजणारी

सातारा रोडला, पद्मावतीच्या अलीकडे,
पंपाच्या भिंतीला पाठ लावून
माझी ओम्नी उभी असते. पिवळी पाटी:
‘पीयूसी काढून मिळेल’.
सायलेन्सरात नळी घालायची,
नंबर प्लेटचा फोटो घ्यायचा,
डिझेल असेल तर सांगायचं, द्या, अजून द्या, अजून,
आणि गाडी पोटातलं सगळं ओकते.
चौदा वर्षं मी या शहराचा श्वास
मागच्या बाजूने ऐकते आहे.

समोर सीएनजीची रांग.
इलाही तांबोळी रिक्षा बंद करून
हाताने ढकलत पुढे सरकतो, वीतवीत.
‘दोन तास झाले, ताई. प्रेशर नाही म्हणतात.
गॅस स्वस्त, कबूल. पण हे दोन तास
कुठल्या मीटरवर टाकू?’

श्रीखंडे सर पिंपरीत इंजिनं जुळवून रिटायर झालेले.
त्यांच्या मते ही सगळी मधली स्टेशनं,
खरं उत्तर हायड्रोजन.
‘मागून नुसतं पाणी पडतं, कळलं का?’
म्हटलं, सर, मग मी बादली घेऊन बसेन.
ते हसले नाहीत.
पाटीवरचा एक ऱ्हस्व उकार मात्र
दीर्घ करायला सांगून गेले.

चोरघड्यांचा पोरगा आजोबांची स्कूटर घेऊन येतो.
‘पेट्रोलमध्ये ऊस घालतात आता.
रबरी पाइप फुगला, अ‍ॅव्हरेज गेलं.’
मागे दौंडचा पिकअपवाला उभा.
‘आमच्या कारखान्याने यंदा बिल वेळेवर दिलं,
ते तुझ्या त्या फुगलेल्या पाइपातूनच आलं, भाऊ.’
‘आणि उसाला पाणी कुठून आलं?’
‘तुमच्या सोसायटीला टँकर येतो ना,
तिथूनच.’
मी मध्ये पडले नाही.
दोघांकडे सुट्टे होते.

मंगळवारी एक पांढरी गाडी
इतकी गुपचूप शेजारी आली
की माझा चहा सांडला.
आत चष्म्यातली कोवळी मुलगी.
‘बाबा म्हणाले, कागद पुरे ठेव. पीयूसी काढा.’
मी सवयीने नळी घेऊन मागे गेले,
वाकले,
आणि वाकलेलीच राहिले.
बंपरखाली नुसती सावली.
हातातल्या नळीला
कुठेच जागा नव्हती.

‘तुमचा धूर इथं नाही,’ मी म्हटलं.
‘मग कुठे आहे?’
ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती.

माझी धाकटी बहीण चंद्रपुरात दिली आहे.
ती सांगते, गच्चीवर पांढरं वाळत घालायचं नाही,
वीज केंद्राकडून वारा सुटला
की उशांचे अभ्रे करडे होतात.
म्हणजे हिची पीयूसी तीच काढते,
रोज संध्याकाळी,
झटकून.
हे ओठांपर्यंत आलं होतं.
तेवढ्यात एक टेम्पो
दोघींच्या तोंडावर काळं सोडून गेला,
तिने ओढणी नाकाला लावली, मी पदर,
आणि त्या काळ्यात तिची गाडी
एवढी पांढरी दिसली
की मला रागावता येईना.
पैसे घेतले नाहीत. कशाचे घेणार?

रात्री दार सरकवताना काचेवर नजर गेली.
ओम्नीची स्वतःची पीयूसी
गेल्या गुरुवारीच संपलेली.
इंजिन चालू केलं, नळी घातली,
आकड्यांची वाट पाहिली,
निकालाच्या दिवशी
ढ पोराची आई पाहते तशी.
काठावर पास.
माझ्याच पर्समधली नोट
माझ्याच गल्ल्यात टाकली.
रांगेतून इलाही ओरडला, ‘किती आलं?’

सांगितलं नाही.