शेततळ्यातली तालीम

विट्याच्या बंगल्यात, जेवणाच्या लांब टेबलावर
जालिंदरशेठनी समुद्र पसरलाय.
कोपरे उडू नयेत म्हणून एका टोकाला तांब्या,
दुसऱ्याला सोनं आटवायची जुनी मूस,
तिसऱ्याला चष्म्याचं घर.
चौथा कोपरा मी धरून बसलोय.

मी बिरू. अख्ख्या तालुक्यात कुणाच्याही विहिरीत
मोटर पडली, की फोन मला येतो.
साठ फूट, सत्तर फूट, दोरी कमरेला,
एक दम, दोन दम, तिसऱ्याला हूक बसतो.
समुद्र पाहिलाय एकदाच, शाळेच्या सहलीत,
बस सुटायच्या घाईत.

"बोट आपली एकट्याची," शेठ सांगतात,
"धा दिवस. पाच खोल्या, सहा नोकर, एक कप्तान.
हितनं निघायचं, ह्या बेटावर मुक्काम,
हितं खाली बुडाल्यालं जहाज हाय, हितं प्रवाळ."
नकाशावर बोट फिरतं, शेठचं बोट,
तेजाबानं पिवळं, नखाशी भाजलेलं.

वहिनींची यादी वेगळी:
शेंगदाण्याची चटणी दोन किलो,
बाजरीचं पीठ हवाबंद डब्यात;
आचारी इटलीचा आहे म्हणे, त्याला तवा तरी माहीत असेल का,
आणि बोटीवर देवाजवळ दिवा लावू देतील का.
ऋतुजा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणते,
"आई, सूटसाठी मापं मागितलीत. कंबर किती?"
वहिनी माझ्याकडे बघतात आणि स्वयंपाकघरात जातात.

मग तो कागद निघतो, डॉक्टरच्या सहीचा.
ऋतुजा पास. जावई पास.
वहिनींना साखर, तरी थोडं खाली चालेल.
शेठच्या नावापुढं आडवी रेघ.

बाराव्या वर्षी ते कोचीला गेले, मामाच्या गाळ्यात.
बिनखिडकीची खोली, भट्टी, तांबूस धूर.
गल्लीच्या तोंडाशी समुद्र होता;
जहाजाच्या भोंग्यावरनं जेवायची वेळ कळायची.
एकतीस वर्षं.
भट्टी सोडून पाय भिजवायला जावं,
तर मुशीतल्या गुंजेचा हिशेब कुणी द्यायचा?
आता छातीत शिट्टी वाजते.
मघाशी जिना चढताना मी ऐकली.

"म्हणून तू," शेठ म्हणतात.
"माझ्या जागी तू खाली जायाचं. पासपोर्टाचं बघतो मी.
वर आलास की सांगायचं. समदं. दमानं."

संध्याकाळी डाळिंबाच्या बागेत,
शेततळ्याच्या काठावर आम्ही.
काळा कागद, टेंभूचं पाणी, बावीस फूट.
पुण्याचा पोरगा माझ्या पाठीवर टाकी बांधतो,
नळी कशी चावायची ते दाखवतो.
मी जन्मभर दम धरायला शिकलो.
तो म्हणतो, दम धरायचा नाही. कधीच नाही. सोडत राहायचा.
दोरीचीही काही गरज नाही, म्हणतो.

शेठ तरी दोरी आणतात.
नवी, निळी, अजून दुकानाचा वास असलेली.
एक टोक माझ्या कमरेला,
दुसऱ्याचे त्यांच्या मनगटाला दोन वेढे.

खाली काही नाही.
शेवाळ, ठिबकचा तुटका तुकडा, एक चप्पल,
आणि वर, लांब, पाण्यातून हलणारा पांढरा सदरा.
मी तळाशी मांडी घालून बसतो.
बुडबुडे जातात, येत नाहीत.
एवढ्या विहिरी झाल्या,
पण खाली गेल्यावर मी कधी काही बघितलं नव्हतं.
मोटर शोधली होती.

दोरीला हिसका बसतो. एकच.
विहिरीवर एक हिसका म्हणजे 'ये'.
हा तसा नाही.

वर येतो तर शेठ उतारावर बसलेले,
विजार गुडघ्यापर्यंत वर, पाय पाण्यात.
मी तोंडातली नळी काढतो,
चपलेपासून सुरुवात करतो.

"कुठल्या पायाची?" शेठ विचारतात.