अर्धा सेंटिमीटर

हातोडा म्हणतात, पण त्याला दांडा नसतो.
एक गोळा, एक तार, एक मूठ.
इल्पो रौताकोर्पी तो फेकायचा, मी मोजायचो.
त्रेपन्न उन्हाळे झाले.

माझा पेशा भूमापनाचा. हिर्विलाम्पीतल्या
भावाभावांची भांडणं मी मीटरांत मिटवली,
म्हणून क्लबानं टेप माझ्या हाती दिली.
तेव्हा तो सतरा वर्षांचा, आरागिरणीतून थेट आलेला,
केसांत भुसा.
पहिली फेक जाळीत. दुसरी जाळीत.
तिसरी हद्द ओलांडून बटाट्याच्या शेतात.
शेतवाली हिल्क्का गोळा कमरेवर घेऊन आली, म्हणाली,
"हे तुमचं पीक."

हिवाळ्यात तो बर्फात फेकायचा.
तारेला लाल चिंधी बांधलेली,
तरी दोन-चार गोळे जायचे ते जायचेच.
मे महिन्यात बर्फ वितळला की मैदानात उगवायचे, गंजून,
आणि तो त्यांना सदऱ्यानं पुसायचा
चुकलेलं वासरू गोठ्यात परतल्यासारखा.

लोकांना दिसते ती ताकद.
मी लांब गवतात उभा; मला तो एवढासा दिसायचा,
जाळीआड फिरणारा. टाच, चवडा, टाच, चवडा,
गोळा बाहेर ओढतोय, हा मागे रेलतोय,
कोण कुणाला फिरवतंय कळायचं नाही.
मग तो सोडायचा.
आधी त्याची आरोळी पोचायची, मागून गोळा.
त्या दोहोंमधल्या तीन सेकंदांत
माझं लग्न झालं, मुली मोठ्या झाल्या,
असं आता वाटतं.

नियम असा आहे:
टेप दोन रेघांच्या मध्ये थांबली
तर खालची रेघ वाचायची.

ज्या वर्षी संघ जर्मनीला जाणार होता
त्या वर्षी बहात्तर मीटर हवे होते.
त्याची शेवटची फेक.
खड्ड्याच्या अलीकडच्या काठाशी मी सळई रोवली,
शून्य तिथं अडकवलं
आणि टेप उलगडत वर्तुळापर्यंत चालत आलो.
इतकं लांब मी आयुष्यात दुसऱ्यांदा चाललो नाही.
वाकलो. बहात्तरची रेघ
कडेपासून केसभर पलीकडे.
"एकाहत्तर नव्व्याण्णव."
तो शेजारी येऊन वाकला. त्यानंही पाहिलं.
कपाळाचा घाम टेपवर पडला,
तो त्यानं अंगठ्यानं पुसला.
"बरोबर आहे."

जर्मनीला दुसरं कुणी गेलं.
त्या रात्री आम्ही सौनात बसलो,
दगडांवर पाणी ओतत, एक शब्द न काढता.
आमच्याकडे यालाच बोलणं म्हणतात.

पुढं गिरणी बंद पडली. त्यानं शाळेची बस चालवली.
पन्नाशीला सहा किलोचा गोळा मिळाला, साठीला पाच,
यंदा सत्तरी लागली, चार.
उजवा गुडघा आता धातूचा;
म्हणतो, एकाच लोखंडाचं वजन
थोडं हातातून काढून पायात घातलंय.
गिरक्या चाराच्या तीन झाल्या, मग दोन.
टेप घेऊन परत येताना मी अर्ध्यात थांबतो,
तो समोरून येऊन उरलेली टेप घेतो.

जानेवारीत झोप लागेना तेव्हा
मी जुन्या वह्या काढल्या.
सरावाच्या धरून अठरा हजारांवर फेकी.
दर फेकीला खाली सोडलेला तुकडा
सरासरी अर्धा सेंटिमीटर धरला.
बेरीज आली नव्वद मीटर.
इतकं लांब अजून जगात कुणी फेकलेलं नाही.

सकाळी बर्फ तुडवत त्याच्याकडे गेलो, वही दाखवली.
त्यानं चष्मा लावून आकडे दोनदा तपासले,
कॉफी ओतली,
खिडकीतून मैदानाकडे बराच वेळ पाहिलं.
"नव्वद," तो म्हणाला.
"तेव्हा माझा पाय बाहेर पडला असणार."