उलटी अक्षरं

जालन्यात नाताळला चार दिवस.
मोंढ्यामागच्या लग्नातून एस्तेरनं
थंड्याचे रिकामे डबे आणले, कात्रीनं उभे फाडले.
खाली सायकलची ट्यूब,
वर शाई संपलेलं पेन.
"मागून दाब लेकरा, उलटं लिव्ह,
तवा कुठं पुढून सुलटं उठतंय."

नानखटाईच्या पुड्यांना नावं :
मुमताजआपा, घुगेबाई,
सळईच्या कारखान्याचा वॉचमन —
त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून त्याच्या पत्र्यावर नुसती शिट्टी.

शेवटचा पत्रा शांतवनचा.
तिनं विसरून सरळच लिहिलं.
पुढून वाचताच येईना.
मी फेकू दिला नाही.
दोन वर्षं झाली,
तोही घराकडं पाठ करूनच आहे.

सुतळीत ओवला, मागची बाजू पुढं करून.
आत गेलेली अक्षरं
बोटाला लागतात.