बोटाने ऐकलेली कॉफी

आधी पाणी. कोणत्या दिवशीचं, ते विचारून घे.
आमच्याकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो.
आल्या दिवशीचं असलं तर उत्तम,
पिंपातलं शिळंही चालतं,
मग चवीची तक्रार करायची नाही.

फिल्टर पितळेचा. सुगुणेच्या आईने दिलेला,
करीमनगरहून गादीच्या गुंडाळीतून आला.
वरचा डबा, खालचा डबा, दांडीची चकती, झाकण.
मोटार नाही, पट्टा नाही, तेल घालायला जागा नाही.
चाळीस वर्षं मागांची जॉबरकी केलेल्या माणसाला
यात न कळण्यासारखं काय असणार,
असं मीच म्हणालो होतो.

पहिल्या दिवशी पूड ठासली, बीमवर सूत बसवतात तशी.
तासभर खाली काहीच उतरलं नाही.
दुसऱ्या दिवशी दाबलीच नाही,
पाणी धाडकन निघून गेलं.
दुधात घातलं तर रंग नव्या टॉवेलच्या
पहिल्या धुण्यातला.
सुगुणा विड्यांच्या सुपावरून मान न उचलता म्हणाली,
'कॉफी आहे का खळ आहे ओ?'
शेजारची बालमणी इतकी हसली
की तिच्या सुपातला तंबाखू उडाला.

तर दाब असा:
चकतीवर बोटाचं वजन द्यायचं, हाताचं नाही.
तार तुटली का बघायला ताण्यावर ठेवतो, तेवढं.
पूड अडीच चमचे, चिकोरीची.
बिनचिकोरीवाले असतील पुण्यात,
आम्हाला दुधाला पुरून उरेल असा रंग लागतो.
पाणी उकळलं की गॅस बंद,
एका विडीला दोरा बांधून होईल एवढं थांबायचं,
मग ओतायचं, कडेकडेने, गोल.

आणि आता बसून राहायचं.

कारखाना विकला, माग भंगारात किलोवर गेले,
वजन करताना मी काट्यापाशी उभा होतो.
आवाज तेवढा कोणी उचलला नाही,
तो अजून माझ्या कानात चालू आहे, बारा मागांचा,
त्यामुळे थेंब पडलेला मला ऐकू येत नाही.
'पडतोय का गं?' असं विचारत बसायचो,
एकदा तिचा विड्यांचा आकडा चुकला,
तेव्हापासून विचारत नाही.
खालच्या डब्याला बोट लावून बसतो.
पितळ बुडापासून तापत वर येतं
आणि त्यातून, फार बारीक, एक ठोका लागतो.
धोट्याचे मिनिटाला सव्वाशे असायचे.
हे वीस, मग बारा. मग सात.
तीनवर आला की दूध चढवायचं.

(भोकं बुजली तर सुई नको, भोक मोठं होतं.
फणीची एक तार आहे माझ्याकडे,
भंगाराच्या दिवशी खिशात घातलेली.
चोरी म्हण हवं तर.)

साखर पेल्यात आधी, त्यावर काळं, मग दूध उंचावरून.
मे महिना, पत्रा तापलेला, बाहेर चव्वेचाळीस,
जावई म्हणतो, अशात गरम कशाला पिता?
काय सांगणार.
कपाळाला घाम फुटल्याशिवाय
आमच्या घरात चार वाजत नाहीत.

काल फेस चांगला आला होता.
सुगुणेने पेला दोन्ही हातांनी धरला,
बोटांना तंबाखू, म्हणून कडेला ओठ लावून प्यायली,
अर्धा एका दमात.
मी तिच्या तोंडाकडे बघत उभा.
बागुंदी नाही, बरी नाही, काही नाही.
पेला खाली ठेवला, ओल्या फडक्यातली पानं उलगडली,
कात्री आणि पत्र्याचा फर्मा माझ्याकडे सरकवला.
'रिकामेच आहात, तर एवढी कापून द्या.
वाकडी नको.'

मी कापत बसलो.
मागे ओट्यावर फिल्टर अजून गळत असणार,
दुसऱ्या पाण्याची, पातळ,
बालमणीच्या वाटणीची.