उमाळ्याचं शेत

सातबारावर नाव आमचं,
पाणी आमच्या मोटरचं,
तरी गिरोलीच्या खाली कुणालाही विचारा,
बोट दाखवून सांगतील:
ते व्हय? ते उमाळ्याचं शेत.

लहानपणी मला वाटायचं
इथं कधीतरी कुणीतरी खूप रडलं असणार.
मग मोडी वाचणाऱ्या हिंदुराव मास्तरांनी
एका फेरफाराच्या कागदावर भिंग धरलं
आणि अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं:
ओमाली, डेनिस. मूळ गाव आयर्लंड.
जात, गोरा. धंदा, शेती.

पलटणीतनं सुटलेला माणूस.
बोटीचं भाडं दारूत गेलं म्हणतात,
किंवा परत जाण्यासारखं तिकडं काही उरलं नसावं.
तिकडं त्याच्या बापाच्या घराचं छप्पर
जमीनदाराच्या माणसांनी वाशाला दोर लावून पाडलं होतं,
खंड थकला म्हणून.
हे त्यानं स्वतः सांगितलं
माझ्या पणज्याला, केरबाला,
खंड मोजून घेताना.

तसली चार बिऱ्हाडं होती, चुन्याची, एका ओळीत.
दोन कॉलऱ्यानं नेली. एक रातोरात उठून गेलं.
हे एक राहिलं.

बायको ऑनोरा. बाया अनुराक्का म्हणायच्या.
तिला चुलीत माती घालायची असायची.
आमच्याकडं माती जळते, म्हणायची,
आणि बाया तोंडाला पदर लावायच्या.
शेवटी शेणीवर भागवलं.
ताकात पीठ मळून, चिमूटभर पापडखार टाकून
जाड भाकर थापायची,
वर सुरीनं फुली ओढायची.
फुली कशाला?
आत अडकलेलं बाहेर जायला.
कोण अडकलंय, ते नाही सांगितलं.

ओमालीला केरबा म्हणता येत नसे.
करपा म्हणायचा.
करपा, इकडं ये. करपा, बैलं सोड.
सात वर्षं पणजा त्या नावाला ओ देत राहिला.

आठव्या वर्षी तीन दिवस धुकं हललं नाही,
जोतिबाचा डोंगर पुसून टाकल्यासारखा.
चौथ्या दिवशी बटाट्याच्या पानांवर काळे डाग.
पणजा पळत गेला, दारात उभा राहिला:
सायेब, करपा!
तो हसला. होय, तू करपा. मग?
सायेब, करपा. शेतात करपा.
होय, जा की शेतात.

मग पणज्यानं एक झाड मुळासकट उपटून
त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

तो अनवाणी निघाला. सरीत बसला.
हातांनी उकरत गेला,
आणि एकेक बटाटा त्याच्या बोटांत
शिजल्यासारखा फुटत गेला.
काहीतरी बोलत होता.
पलटणीतलं इंग्रजी पणज्याच्या कानाला ठाऊक होतं,
हे ते नव्हतं.
अनुराक्का बांधावर आली, खाली उतरली नाही.
तिनं वास घेतला आणि घरात जाऊन
होतं नव्हतं ते पीठ मोजायला बसली.

त्या साली खंड माफ झाला.
पुढच्या साली दोन्ही सालांचा घेतला.
आमच्या घरात हे कुणी लपवत नाही.
पण त्या दिवसापासनं तो केरबाला केरबा म्हणाला,
जीभ अडखळायची, थांबायचा,
पुन्हा पहिल्यापासनं म्हणायचा.

परवा प्लॉटिंगवाला आला होता,
गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला.
कमानीला नाव काय द्यायचं म्हणाला,
उमाळा पार्क चालेल का? गोड वाटतंय.
मी चहा पाजून त्याला लावून दिलं.
नाही म्हणालो नाही अजून.

तिथं आम्ही ऊस लावतो.
मध्ये एकदा हळद, एकदा सोयाबीन.
बटाटा कधी नाही.
कुणी मनाई केलेली नाही.