नुसती चौकट

कीथली, मार्चचा शेवट, गुरुवार.
शेजारचे क्लिफर्ड हेप्वर्थ कुंपणावरून हाक मारतात,
"मिसेस मॅग्डम, खिडकी पुन्हा चिकटली."
मगदूम म्हणायला मी त्यांना अकरा वर्षं शिकवतेय.
मॅडमच्या जवळपास येऊन थांबतात. सोडून देते.

खिडकी म्हणजे पडद्यावरची.
कबुतरांची यादी जरा उजवीकडे सरकवायची,
खालचं हवामान दिसावं म्हणून,
एवढंच त्यांना हवं असतं.
पण ओढली की ती येत नाही, तिच्या सावल्या येतात,
एकीमागे एक, वीस-बावीस,
घाईत नेसलेल्या पातळाच्या निऱ्यांसारख्या,
आणि त्यातली खरी कुठली ते कळेपर्यंत
चहावर साय धरते.

इचलकरंजीत बाबा जॉबर होते.
माग अडला की ते हात लावत नसत,
आधी कान लावत.
मीही बसले, ऐकलं.
पंखा धापा टाकत होता.
झाकण काढलं तर आत करडी लोकर, बिस्किटाचा चुरा,
आणि एक निळसर पीस.
"ब्रेंडाचं," क्लिफर्ड म्हणाले, उजेडात धरून,
आणि शर्टाच्या खिशात ठेवलं, पेनाशेजारी.

धूळ गेली, धाप बसली.
खिडकी तशीच.

मग आत कोण कोण ठाण मांडून आहे ते पाहिलं.
दोन अँटिव्हायरस, एकमेकांवरच पाळत ठेवून.
एका प्रिंटरचा कारभारी:
प्रिंटर भंगारात जाऊन सहा वर्षं झाली,
तरी हा रोज सकाळी उठून विचारणार, कागद आहे का?
त्याला काढताना जरा जड गेलं.
निवृत्तीनंतर महिनाभर मीही
पावणेसहाचा गजर लावत होते
नऊ नंबरच्या वॉर्डासाठी.

मेमरी तुटपुंजी, पण अगदीच उपाशी नाही.
दोष सापडला तो डोळ्यात.
ग्राफिक्स कार्ड जागेवर, त्याचा ड्रायव्हर मात्र
कुठल्याशा अपडेटने उचलून नेलेला,
आणि बिचारा प्रोसेसर प्रत्येक खिडकी
हाताने रंगवतोय, पुसतोय, परत रंगवतोय,
बोटभर सरकली तरी.
तो ड्रायव्हर बनवणारी कंपनीच आता उरलेली नाही.

"नवीन घ्या," मी म्हटलं, म्हणायचं म्हणून.
त्यांनी असं पाहिलं,
जणू लंगड्या कबुतराची मान मुरगाळा म्हणाले मी.

तेव्हा सेटिंगच्या पार तळाशी गेले.
एका ओळीपुढे बरोबरची खूण होती:
ओढताना खिडकीतलं सगळं दाखवा.
खूण काढली.
"ओढा आता."

यादी जागची हलली नाही. निघाली ती तिची चौकट,
ठिपक्याठिपक्यांची, पोकळ,
कुठेही न्या, मागे काही न सांडणारी.
माऊस सोडला,
आणि एका श्वासानंतर आतलं सगळं येऊन बसलं.
"आली की!" क्लिफर्ड म्हणाले, आणि पुन्हा नेली, पुन्हा आणली,
पोरासारखी, चारपाच वेळा.

ब्याऐंशीत हीथ्रोला मी अशीच उतरले होते.
आतलं यायला किती वर्षं लागली
ते काही त्यांना सांगत बसले नाही.

यादीत पस्तिसावी ओळ ब्रेंडाची.
रिंगचा नंबर, वाऱ्याची दिशा, सुटल्याची वेळ.
पोचल्याची वेळ रिकामी.
"ही काढू? फाइल थोडी हलकी होईल."
"अठराच तर महिने झालेत," म्हणाले,
आणि माऊस माझ्या हाताखालून हळूच काढून घेतला.

निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून रुबार्ब दिला,
मुळांची माती अजून ओली.
मेथीदाणा घालून मी त्याचं लोणचं करते.
गेल्या वर्षीची बरणी अजून मुरतेच आहे.